आउटर हेब्रिडीज सायकलने : मामा-भाचीचा बेत, सल्ला हवा आहे

चाकावरचा_नाना (इंदूर) | ८ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर हलके घ्या.

वय ५७, मुक्काम राजेंद्रनगर. मार्चमध्ये नोकरीतून मोकळा झालो. सायकल रोजची आहे, सकाळी राऊ सर्कल आणि परत. थंडीत मांडू आणि महेश्वर होतं. जानापावचा चढ दोनदा न उतरता चढलोय, तिसऱ्यांदा उतरून (तेव्हा आदल्या रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जरा जास्त झालं होतं).

भाची ग्लासगोला शिकते. ती म्हणाली, मामा, पुढच्या मे महिन्यात ये, बेटांवर सायकल चालवू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. तिथे 'हेब्रिडियन वे' हा सायकलमार्ग आहे. दक्षिण टोकाच्या व्हॅटरसे बेटापासून उत्तरेला बट ऑफ लुइसच्या दीपगृहापर्यंत २९७ किमी. दहा बेटं. सहा ठिकाणी समुद्रात दगडांचा भराव घालून रस्ता केलाय आणि दोन ठिकाणी फेरीबोट.

माझा बेत असा की उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला उतरायचं. पाच दिवस, रोज ६० किमी. मांडूला आपण एका दिवसात जवळपास शंभर करतो, त्यामानाने साठ म्हणजे आराम.

विचारायचं हे की दिशा बरोबर आहे का, तंबू न्यावा की होस्टेल धरावीत, सायकल इथून न्यावी की तिथे घ्यावी, आणि घरचा प्रश्न असा की शाकाहारी माणूस तिथे काय खातो.

सोनकच्छ_एक्सप्रेस | ८ जून, रात्री १०:३१

नाना, भिया, स्वागत! पण 'दक्षिणेला उतरायचं' म्हणजे काय? नकाशात वरून खाली आलं की उतार लागतो असं वाटतंय का तुम्हाला?

चाकावरचा_नाना | ८ जून, रात्री १०:४४

खरं सांगू? थोडंसं वाटत होतं.

ओली_वाट (एडिनबरा, मूळ नाशिक) | ९ जून, पहाटे २:०५

नानाकाका, मी हा रस्ता गेल्या मे महिन्यात केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तो २९७ भागिले पाच हा हिशेब फाडून टाका. तिथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. पहिल्या दिवशी मी ७० किमी केले आणि दुपारी तीनला पोचून समुद्रात पाय बुडवून बसले. चौथ्या दिवशी २८ किमीला संध्याकाळचे साडेसहा वाजले. रस्ता तोच, सपाटच होता, आणि मी आजारीही नव्हते. समोरून वारा होता, एवढंच. उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं. पाय थांबवला की सायकल थांबायची.

बेटांवर झाडं जवळपास नाहीत. आपल्याकडे वारा सुटला तर एखादं वडाचं झाड, धाबा, भिंत, काहीतरी आडोसा मिळतो. तिथे डावीकडे अटलांटिक, उजवीकडे पीटचं (कुजलेल्या गवताच्या मातीचं) काळं, ओलं माळरान, आणि मधे तुम्ही. लुइस बेटावर काँक्रीटचे काही बसथांबे आहेत, वरून पाहिले तर अधिकच्या चिन्हासारखे. चारही बाजूंना एकेक कोपरा. वारा कुठूनही येवो, एक कोपरा कोरडा राहतो. ज्याने ते बांधले त्याला मी रोज दुवा दिला. माझं अर्धं जेवण तिथेच झालं.

तिथली जुनी घरं पाहिलीत तरी वारा समजेल. ती बुटकी असतात, दगडाच्या दुहेरी जाड भिंतींची. गवती छपराला पागोळ्या पडतील असा बाहेर आलेला भागच नाही, कारण वाऱ्याने धरायला काही शिल्लक ठेवायचं नाही. शिवाय छपरावर दोर टाकून त्यांना दगड लटकवलेले. आपण कौलं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतो त्यातलाच प्रकार.

आता दिशा. बहुतेक दिवस वारा नैर्ऋत्येचा, म्हणून सगळे दक्षिणेकडून उत्तरेला जातात. तुम्हीही तसंच जा. पण तो हक्क समजू नका. एप्रिल-मे हे तिथले त्यातल्या त्यात कोरडे, उन्हाचे महिने, आणि नेमक्या याच दिवसांत मधूनच उत्तरेचा, ईशान्येचा वारा सुटतो. मला युइस्ट बेटांवर सलग तीन दिवस तोच मिळाला. लोक म्हणाले, "यंदा उलटा आहे." यंदा म्हणजे काय, माझी सुट्टी एकच होती!

डॉ_गियर (इंदूर) | ९ जून, सकाळी ७:५०

ओली_वाट यांना +१. नानांसाठी थोडं गणित, कारण अनुभव सांगून ते ऐकणार नाहीत असं दिसतंय.

वारा अजिबात नसताना १५ च्या वेगाने सायकल चालवली तर हवा १५ च्या वेगाने अंगावर येते. समोरून ताशी ३० किमी वारा असेल आणि तुम्ही १५ सोडायला तयार नसाल, तर हवा येते ४५ ने, म्हणजे तिप्पट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो होतो नऊपट. तिथे ३० चा वारा म्हणजे वादळ नव्हे, ती नेहमीची हवा.

दुसरं, जाताना मिळालेला वारा येताना फिटतो हा गैरसमज आहे. पाठीवरचा वारा तासाभरात संपतो, समोरचा तीन तास पुरतो, कारण तुम्ही त्यात जास्त वेळ अडकता.

तिथले वाऱ्याचे अंदाज ब्यूफोर्ट मापात वाचायची सवय लावा. ५ म्हणजे ताशी २९ ते ३८ किमी, ६ म्हणजे ३९ ते ४९, ७ म्हणजे ५० ते ६१. माझ्या मते लादलेल्या सायकलीने ५ ला ठरल्याप्रमाणे जावं, ६ ला निम्मं अंतर करावं आणि ७ ला चहा प्यावा. आडवा वारा असेल तर एक आकडा आधीच चहा प्या.

सायकल कोणती आहे? पुढच्या बॅगा लावणार का?

चाकावरचा_नाना | ९ जून, सकाळी ९:१५

ओली_वाट, मनापासून आभार. दिशा बदलली.

डॉ., सायकल स्टीलची, जुनी, टायर ३५ चे, मागे दोन बॅगा. पुढेही दोन घेण्याचा विचार आहे. पण एक सांगतो, वारा आम्हाला नवा नाही. मे महिन्यातल्या लूमध्ये दुपारी देपालपूरहून आलेला माणूस आहे मी. पाच दिवसांचे सहा करू, त्याहून जास्त लागणार नाहीत.

रामबाग_कट्टा (इंदूर) | ९ जून, दुपारी १:२०

सायकलीतलं मला काही कळत नाही, पण बेटांचं नाव वाचून राहवलं नाही. अवांतराबद्दल आधीच क्षमस्व.

नाना, लुइस बेटावर स्टॉर्नोवे गावात शिराल तेव्हा बंदरासमोर झाडीत एक किल्लेवजा वाडा दिसेल, लूज कासल. तो बांधवला जेम्स मॅथेसनने. जार्डिन-मॅथेसन कंपनीतला तो मॅथेसन. चीनला अफू विकून गब्बर झाला आणि १८४४ मध्ये त्याने अख्खं लुइस बेट विकत घेतलं. आता ही कंपनी जी अफू विकायची तिचा मोठा वाटा कुठला? माळव्याचा! उज्जैन, मंदसौर, इंदूर इथली अफू मुंबईमार्गे चीनला जायची. मुंबईत त्यांचा मोठा व्यवहार सर जमशेटजी जीजीभॉयांशी होता. इंदूरची सराफी आणि सावकारी त्या काळात फुगली तीही अफूच्या सौद्यांवर. म्हणजे आपल्या शेतातल्या बोंडांचा चीक आणि त्या बेटावरच्या वाड्याचा चुना यांचं नातं आहे. पुढे बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, तेव्हा याच मॅथेसनने धान्यही वाटलं आणि शेकडो कुटुंबांना कॅनडाच्या जहाजात बसवून वाटेलाही लावलं. वाडा बघताना दोन्ही लक्षात ठेवा.

त्याच स्टॉर्नोवेचा दुसरा माणूस कर्नल कॉलिन मॅकेन्झी. म्हैसूरची मोजणी त्याने केली, १८१५ मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला, १८२१ मध्ये इथेच वारला. त्याने गोळा केलेल्या हजारो हस्तलिखितांत मराठी कागदही आहेत.

आणि १८३१ मध्ये त्याच बेटावर उइगजवळच्या वाळूत बुद्धिबळाच्या जुन्या सोंगट्या सापडल्या, वॉलरसच्या दातांच्या. त्यांतला एक हत्ती, म्हणजे त्यांच्याकडचा पहारेकरी, आपल्याच ढालीची कड चावतोय. खेळ आपल्याकडून निघाला आणि तिथवर पोचेपर्यंत हत्तीचा असा पिसाळलेला शिपाई झाला.

सोनकच्छ_एक्सप्रेस | ९ जून, दुपारी १:४१

कट्टाकाका, म्हणजे नानांनी तिथे जाऊन वसुली करायची? ;)

मैत्रेयी_तुकोगंज | ९ जून, दुपारी ३:०२

वाखुसा (वाचनखूण साठवली). अफूचं माहीत नव्हतं. आता नानांच्या सायकलीवर परत या. मलाही हा रस्ता करायचाय कधीतरी.

ग्लासगोची_भाची | १० जून, पहाटे ३:३०

मामा, तुझा धागा सापडला. मामीने लिंक पाठवली.

मंडळी, मामाने तुम्हाला सांगितलेलं नाही ते मी सांगते. १) त्याला थंडी सोसत नाही, डिसेंबरात तो कानटोपी घालून पोहे खातो. २) 'सहा दिवस' हा आकडा माझा नाही. माझा आकडा बारा आहे. ३) पुढच्या दोन बॅगांत तो काय भरणार ते मला माहीत आहे. शेव.

मामा, थंडीचं ऐक. मे महिन्यात इथे दुपारी १० ते १३ अंश असतं. १० अंशांत ४० चा वारा असला की अंगाला ६ अंश लागतात, वर पाऊस. तुझं ते लग्नातलं जॅकेट चालणार नाही.

चाकावरचा_नाना | १० जून, सकाळी ८:०५

ही माझी भाची. लहानपणी हिला पुढच्या दांडीवर बसवून छप्पन दुकानला न्यायचो, त्याचे हे पांग फेडतेय.

शेव अडीच किलोच आहे.

डॉ_गियर | १० जून, सकाळी ८:२२

नाना, वादच नको. जून चालू आहे, आपल्याकडे पश्चिमेचा-नैर्ऋत्येचा वारा सध्या दणकून आहे. देवास इंदूरच्या ईशान्येला, म्हणजे जाताना पाठीवर, येताना तोंडावर. रविवारी चारी बॅगा भरून देवासला जा आणि परत या. टेकड्यांवरच्या पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. आल्यावर इथे लिहा. दिवस तेवढे मग ठरवू.

चाकावरचा_नाना | १५ जून, रात्री ९:४०

वृत्तांत लिहितो. हात दुखतायत, त्यामुळे चुका पोटात घाला.

चारी बॅगांत मिळून १६ किलो गहू भरले. (सौ.ने विचारलं, दळायला नेताय का? मी हो म्हणालो. त्याने पुढचा गोंधळ झाला, तो नंतर.) पहाटे साडेपाचला निघालो. देवासपर्यंत काय सांगू, पंख फुटले होते. गहू भरलेली सायकल २६-२८ ने आपसूक पळत होती. देवासला पोहे खाल्ले, टेकडीकडे पाहिलं, पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या. मनात म्हटलं, डॉ. उगाच घाबरवतात.

मग तोंड फिरवलं.

पहिले दहा किलोमीटर मी चिडलेलो होतो. पुढचे दहा किलोमीटर चिडायलाही दम नव्हता. सायकल ९ ने चालत होती. समोरच्या वाऱ्याचं एक बरं असतं, तो निदान सरळ भांडतो. रस्ता जरा वळला आणि तो बाजूने यायला लागला तेव्हा खरी फजिती. पुढच्या बॅगा म्हणजे शिडं झाली. हँडल सारखं रस्त्याच्या बाहेर ओढलं जात होतं. तेवढ्यात उजवीकडून ट्रक गेला. ट्रकच्या आड वारा क्षणभर थांबला, मी ज्या बाजूने जोर लावून तोल धरला होता त्याच बाजूला कललो, आणि ट्रक जाताच वारा पुन्हा लागला. सायकल खाली, मी कच्च्यात. गुडघा सोलला, बाकी ठीक. एक बॅग फाटून गहू सांडले. धाब्यावरचा पोऱ्या पळत आला, त्याने आधी विचारलं, "अंकल, गेहूँ कहाँ ले जा रहे हो?"

जायला दीड तास लागला. यायला सव्वाचार.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), सौ. दुपारी पिठाची वाट बघत होती.

बारा दिवस. पुढच्या बॅगा रद्द. भाचीला कळवलंय.

सोनकच्छ_एक्सप्रेस | १५ जून, रात्री ९:५२

नाना, सलाम. गुडघ्याला हळद लावा. आणि एवढं सांगा, गव्हाचं काय झालं?

चाकावरचा_नाना | १५ जून, रात्री ९:५८

धाब्यावरच्या कोंबड्यांचं चांगभलं झालं.

ओली_वाट | १६ जून, पहाटे १:३०

काका, जपा. पण तुम्ही जे देवासच्या रस्त्यावर शिकलात ते मी बेनबेक्युला बेटाच्या भरावाच्या रस्त्यावर शिकले, आणि तिथे खाली समुद्र होता. त्या रस्त्यांवर 'पाणमांजरं रस्ता ओलांडतात' अशा पाट्या आहेत. पाट्या बघायला मान वळवू नका, एवढंच सांगते. तिथे बरेचसे रस्ते एकपदरी आहेत, ठरावीक अंतरावर गाड्यांना बाजू द्यायला जागा असते. मागून गाडी आली की पुढच्या अशा जागेत थांबा आणि तिला जाऊ द्या. तुमच्यासारख्याने हात केला नाही तर तो ड्रायव्हर पुढे गावात सांगेल, आणि गाव म्हणजे सहा घरं.

आता फेरीबोटी. ओबन ते बॅरा बेटावरचं कॅसलबे, पावणेपाच तास. बॅरा ते एरिस्के ४० मिनिटं. बर्नरे ते हॅरिसमधलं लेव्हरबर्ग साधारण तास. ही शेवटची बोट खडकांमधून नागमोडी जाते, भरती-ओहोटी आणि उजेड बघून तिच्या वेळा ठरतात. सायकलीचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण वारा फार झाला की बोट रद्द, आणि रद्द म्हणजे रद्द. वाद घालायला खिडकीही उघडी नसते. मी बर्नरेला एक पूर्ण दिवस अडकले. म्हणून बारा दिवसांतले दोन मोकळे ठेवा, आणि ते शेवटी ठेवू नका. एक मध्यावर, एक स्टॉर्नोवेच्या आधी.

रविवारही सांभाळा. दक्षिणेकडची बेटं कॅथलिक, उत्तरेकडची कडक प्रेस्बिटेरियन. लुइस आणि हॅरिसमध्ये रविवार म्हणजे प्रार्थनेचा दिवस, दुकानं बंद. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली तीच २००९ मध्ये. स्टॉर्नोवेतलं एक मोठं सुपरमार्केट २०२४ च्या शेवटी रविवारी उघडायला लागलं, तर त्याची बातमी झाली. तुम्ही त्या दिवशी गावाबाहेर असलात तर जेवण शनिवारीच बॅगेत हवं.

मैत्रेयी_तुकोगंज | १६ जून, सकाळी १०:१०

मग ती शेव कामाची आहे की!

ओली_वाट | १६ जून, दुपारी ४:४५

शेव खरंच कामाची आहे, थट्टा नाही. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, मावाबाटी विसरा. शेव, चिवडा, भाजलेल्या पोह्यांचं कोरडं मिश्रण चालतं. गरम पाणी घातलं की झालेले पोहे मी तंबूत किती वेळा खाल्ले! गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, ते ग्लासगो किंवा ओबनला घ्या. गावातल्या छोट्या दुकानांत ब्रेड, चीज, बीन्स, फळं, ओट्स हे मिळतंच. सूप घेताना विचारा, भाजीच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. आणि कॅसलबेला एका कॅफेत चक्क पकोडे मिळतात, पण समोर कसले आहेत ते विचारूनच उचला, मासळीचेही असतात.

रामबाग_कट्टा | १६ जून, संध्याकाळी ६:३०

व्हॅटरसे आलंच आहे तर तिथल्या वळूचं सांगून टाकतो. पूर्वी त्या बेटाला रस्ता नव्हता, गुरं बॅरापर्यंत पोहवत न्यायची. १९८६ मध्ये बर्नी नावाचा उत्तम वळू असा नेताना बुडाला. त्यावर गदारोळ झाला आणि १९९१ मध्ये भरावाचा रस्ता तयार झाला. तिथे माणसांनी कितीदा अर्ज केले असतील कोण जाणे. नाना, पोळ्याचा एखादा गोंडा न्या आणि त्या रस्त्यावर बर्नीच्या नावाने सोडा.

डॉ_गियर | १७ जून, सकाळी ७:३०

सायकलीबद्दल आता ठाम सांगतो.

नेणार असाल तर खोक्यात नीट भरून न्या. पेडल काढा, हँडल फिरवा, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर सोडवून आत बांधा आणि एक जादा हँगर सोबत घ्या. वजन आणि खोक्याचं माप विमान कंपनीकडून तिकिटाआधी लेखी घ्या. मागच्या वर्षी माझ्या एका गिऱ्हाइकाला एका कंपनीने फोनवर 'हो' सांगून काउंटरवर तिप्पट पैसे लावले.

मला विचाराल तर भाचीने ग्लासगोत जुनी चांगली टूरिंग सायकल शोधावी, परतताना विकावी. तुमचं सीट आणि पेडल मात्र इथून न्या. ५७ वर्षांच्या बुडाला नवीन सीट बारा दिवसांत मानवत नाही.

आपण इंदुरात धुळीमुळे चेनला कोरडं तेल घालतो. तिथे ते पहिल्या पावसात धुऊन जाईल. ओल्या हवेचं तेल घ्या, रोज रात्री चेन पुसा. खारा वारा आहे, दोन दिवस दुर्लक्ष केलंत तर चेन तांबूस दिसेल. मडगार्ड पूर्ण लांबीचे. सगळ्यात हलका गिअर आहे त्याहून हलका करून घ्या, तो चढासाठी कमी, वाऱ्यासाठी जास्त लागेल. मागे दोन बॅगा, अवजड सामान खाली, आणि वर तंबू आडवा बांधू नका, उभा बांधा.

सोनकच्छ_एक्सप्रेस | १७ जून, सकाळी ८:१५

व्हिसाचं कोणी बोललं नाही. मी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो होतो. पर्यटकाच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, म्हणजे मे साठी फेब्रुवारी. पेन्शनचे कागद आणि भाचीचं पत्र जोडा. एका एजंटाने मला सांगितलं होतं की सायकलचं लिहू नका, उगाच शंका घेतात. मी सगळं लिहिलं, दिवसवार, मुक्कामासकट. मिळाला. खरं लिहिणं सोपं असतं, दुसऱ्यांदा विचारलं तर आठवावं लागत नाही.

ग्लासगोची_भाची | १९ जून, पहाटे ३:१०

पत्र देते. सायकलही बघते.

तंबूबद्दल माझं मत: एक तंबू घेऊ, पण रोज नाही. हाऊमोर आणि बर्नरे इथे जुन्या दगडी घरांतली होस्टेलं आहेत, ती आधी धरू. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जागी जबाबदारीने तंबू टाकता येतो, पण समुद्राकाठची ती हिरवी कुरणं शेतकऱ्यांची असतात, विचारून टाकायचा. तंबूचं बुटकं टोक वाऱ्याकडे. वाळूत साधे खुंटे धरत नाहीत, लांब रुंद पात्यांचे घेऊ.

आणि मामा, मिजेस म्हणून चिलटांसारखे चावरे किडे असतात, मेच्या शेवटापासून थव्याने. वारा ताशी दहा-अकरा किमीच्या वर असला की ते उडू शकत नाहीत. म्हणून मी पहिला पंधरवडा म्हणत होते.

चाकावरचा_नाना | १९ जून, सकाळी ७:२०

म्हणजे वारा असला तर सायकल चालत नाही आणि नसला तर किडे चावतात. छान.

ओली_वाट | १९ जून, दुपारी २:००

अगदी बरोबर समजलं तुम्हाला.

चाकावरचा_नाना | २२ जून, रात्री १०:०५

नवा बेत लिहितो. चुका काढा.

शुक्रवारी ग्लासगो. शनि-रवि झोप आणि सायकल जोडणी. सोमवारी रेल्वेने ओबन, सायकलींच्या जागा आधी आरक्षित करून. मंगळवारी बोटीने कॅसलबे. बुधवारी रिकाम्या सायकलीने व्हॅटरसे (बर्नीला गोंडा) आणि बॅराची चक्कर. तिथे विमानं समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतात, ओहोटी बघून. ते बघितल्याशिवाय हलणार नाही. गुरुवारी एरिस्के आणि हाऊमोर. शुक्रवारी बर्नरे. वारा ६ च्या वर असेल तर मधेच मुक्काम आणि बर्नरे शनिवारी. रविवार बर्नरेलाच. सोमवारी बोट आणि लस्केंटायरचा किनारा. मंगळवारी टार्बर्ट, तिथे ट्वीड (लोकरी कापड) विणणाऱ्याचा माग बघायचाय. १९९३ च्या कायद्याने हॅरिस ट्वीड त्या बेटांवर राहणाऱ्याने आपल्या घरीच विणलेलं लागतं, महेश्वरच्या साडीवाल्यांना हे सांगायला हवं. बुधवारी क्लिशमच्या डोंगराकडचा चढ आणि पुढे जमेल तिथे. गुरुवार मोकळा. शुक्रवारी कॅलनिशचे पाच हजार वर्षांचे उभे दगड. शनिवारी बट ऑफ लुइस. रविवारी दीपगृहाजवळच, जेवण बॅगेत. सोमवारी स्टॉर्नोवे, अफूवाल्याचा वाडा, आणि बोटीने अलापूल. अलापूलहून रेल्वेने इनव्हर्नेस.

ओली_वाट | २३ जून, पहाटे १:१५

फार छान. अलापूलला रेल्वे नाही! बस आहे, आणि सायकल घेईल का ते आधी विचारून जागा धरावी लागते. मी हे धक्क्यावर उतरल्यावर शिकले.

सोमवारी सकाळी टोकावरून स्टॉर्नोवे ४०-४५ किमी आणि त्याच दिवशी बोट, तेही नैर्ऋत्येच्या वाऱ्यात उलट? एक दिवस वाढवा, मंगळवारची बोट धरा.

चाकावरचा_नाना | २३ जून, सकाळी ७:४०

वाढवला. भाची म्हणते तेरावा दिवस अशुभ असतो. मी म्हटलं, देवासला पंधरा तारीख होती.

मैत्रेयी_तुकोगंज | २३ जून, सकाळी ९:०५

नाना, येत्या रविवारी पुन्हा देवास करणार असाल तर मीही येते. गहू माझ्याकडचे.

चाकावरचा_नाना | २३ जून, सकाळी ९:२०

या. साडेपाचला देवास नाक्यावर. तांदूळ आणा, सौ. गहू मोजून ठेवायला लागली आहे.